वाढत्या अंगाचे दागिने

लखनौला विकास नगरात वरचा मजला बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, किती दिवस राहणार तेही विचारलं नाही. दार उघडलं, माझ्या लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मनगट दे."

मनू तेव्हा पहिलीत होती. तिनं मुकाट्यानं हात पुढे केला. बाईंनी कमरेला खोचलेली पांढऱ्या दोऱ्याची गुंडी काढली, दोरा मनगटाभोवती फिरवला, गाठ मारली, दातांनी तोडला आणि पदराच्या टोकाला बांधून टाकला. मग मनूच्या त्याच हातावर एक रेवडी ठेवून आमच्याकडे वळल्या. "या. जिना बाहेरून आहे. मराठी माणूस बऱ्याच वर्षांनी आला या घरात."

नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "दुसरं घर बघायचं का?" पण त्याला बँकेच्या चिनहटच्या शाखेत लगेच रुजू व्हायचं होतं, हॉटेलात राहून आम्ही कंटाळलो होतो आणि त्या घराच्या स्वयंपाकघरातून तीळ भाजल्याचा खमंग वास येत होता. गणपतीच्या दिवसांत तीळ कोण भाजतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

संध्याकाळपर्यंत त्या आमच्या काकू झाल्या.

काकूंना टेप चालत नसे. "टेप आकडा सांगते, माणूस सांगत नाही," म्हणायच्या. सगळी मापं दोऱ्यानं. गल्लीत येणाऱ्या भाजीवाल्याचंसुद्धा माप त्यांच्याकडे होतं. गाडी थांबली की आधी त्याच्या मनगटाला दोरा, मग मटारचा भाव. "भैया, दुबले हो गए हो. बीवी मायके गई है क्या?" तो लाजून हसायचा, कारण बायको खरंच माहेरी गेलेली असायची.

दुसरी खोड रिकाम्या हातांची. त्यांच्या उंबऱ्यावरून कुणी रिकाम्या हातानं आत आलेलं त्यांना खपत नसे. भेटवस्तू आणा असं नव्हे. त्याच काहीतरी हातात द्यायच्या. मटारची शेंग, लोकरीचा गुंडा, नाहीतर नुसती वाटी. जाईपर्यंत ते धरून ठेवायचं. मी एकदा हसत विचारलं, "काकू, हे काय?"

"रिकाम्या हातात कुणीही हात घालतं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या. गंमत केली असेल असं समजून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

काका हवाई दलातून निवृत्त झालेले. मूळचे दोघंही नाशिककडचे, पण तरुणपणी नोकरीसाठी इकडे आले आणि निवृत्तीनंतरही परत गेले नाहीत. काकांचं सगळं आयुष्य विमानांच्या इंजिनांत गेलं होतं, त्यामुळे ते बोलण्यापेक्षा ऐकायचे जास्त. आमच्या पंख्याचा आवाज खालून ऐकून सांगायचे, "बेअरिंग गेलंय, आठवड्यात बंद पडेल." पडायचा.

"नाशिकला का नाही गेलात?" असं मी एकदा विचारलं होतं. काकांनी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "इथली थंडी मानवते," आणि विषय संपला.

लखनौची ती थंडी मी आधी कधी पाहिली नव्हती. डिसेंबर सरता सरता कोहरा, म्हणजे दाट धुकं, उतरतो आणि समोरचं घर नाहीसं होतं. दुपारी बारा वाजता दिवे लागलेले असतात. रस्त्यावरून माणूस जाताना आधी खोकला ऐकू येतो, मग मफलर दिसतो, मग माणूस. शाळांना सुट्ट्या लागतात आणि उघडायची वेळ झाली की कलेक्टरसाहेबांचा नवा आदेश मोबाईलवर येतो, सुट्टी आणखी वाढली. आया कपाळाला हात लावतात. पोरं टाळ्या पिटतात.

आमच्या गल्लीतली पोरं टाळ्या पिटून सरळ काकूंकडे जायची. त्या दिवसांत खालचं घर म्हणजे कारखाना व्हायचा. एका कोपऱ्यात पतंगाच्या कागदाचे तारे आणि आकाशकंदील. दुसरीकडे गाजरं किसायला बसलेल्या मुली. कुकरमध्ये वाळू घालून काकू केक भाजायच्या आणि तो मधोमध हमखास खचायचा. त्या खड्ड्यात गाजराचा हलवा भरून वर काजू लावायच्या, म्हणायच्या, "बघा, खड्डा होता म्हणून हलवा मावला." पातेलंभर निमोना, इकडची वाटलेल्या हिरव्या मटारची आमटी, उकळत असायचा. शेगडीभोवती पोरांचे मोजे वाळत घातलेले. मला ते घर फार आवडायचं. आजही त्या घराबद्दल विचार करते तेव्हा आधी हा वास येतो आणि मग भीती येते.

नाताळच्या दिवशी काकू भेटी वाटायच्या. सगळ्या स्वतःच्या हातच्या. टोपी, मोजे, स्वेटर, कापडी पिशवी. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, वर नाव नाही. नावाऐवजी एक दोरा, गाठ मारलेला. मुलांनी एकेक दोरा आपापल्या मनगटाला लावून बघायचा. ज्याच्या मनगटाला बरोबर बसेल त्याचं ते पुडकं. "मेरा! मेरा!" नुसता गोंधळ. आणि आत जे असायचं ते मात्र एक माप मोठं. बाह्या दुमडून शिवलेल्या, मफलरचं टोक उघडं ठेवलेलं. "वाढत्या अंगाचं असावं," काकू म्हणायच्या. "पोरं थांबतात का?"

पहिल्या वर्षी सगळ्यांची पुडकी घेऊन झाल्यावर एक उरलं. दोरा कुणालाच बसेना. मुलांना सैल, मला किंचित घट्ट. मी म्हटलं, "कुणीतरी आलेलं दिसत नाही आज."

"आहे ना," म्हणत काकूंनी ते उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

नाताळ झाला की हलव्याचे दिवस. इथे संक्रांतीला खिचडी म्हणतात आणि खिचडीच खातात, हलव्याचे दागिने कुणाला माहीत नाहीत. काकूंनी ते एकटीनं चालवलं होतं. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, चमच्या चमच्यानं साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. दुपारच्या दुपार. तिळावर हळूहळू काटा उभा राहतो. हवा कोरडी लागते म्हणतात, कोहऱ्याच्या ओलाव्यात हलवा चिकट व्हायला हवा. काकूंचा कधी झाला नाही. पांढराशुभ्र, टोचेल असा काटा. ते करताना त्या बोलत नसत. पोरांना घरी पाठवून द्यायच्या. दार लावून घ्यायच्या. मी एकदा दूध द्यायला गेले तर आतून त्यांचा आवाज आला, अगदी हळू, एखाद्या मुलीला केस विंचरताना समजवावं तसा. मी दूध खिडकीत ठेवून आले.

त्या संक्रांतीला त्यांनी मला मागची खोली दाखवली. भिंतीतलं जुनं कपाट उघडलं. आत काळ्या मखमलीवर दागिने, फळीवर फळी. सगळ्यात वर तान्ह्या मुलीच्या बोरन्हाणाचा साज, एवढासा मुकुट, एवढ्याशा बांगड्या, साखर पिवळी पडलेली. त्याखाली जरा मोठा. त्याखाली आणखी मोठा. खाली खाली येत शेवटच्या फळीवर मोठ्या बाईचे हार, बाजूबंद, नथ. दरवर्षीचा एक साज. वर्षानुवर्षांची साखर होती ती, पण एका मुंगीचा माग नव्हता.

"लेकीचे?" मी विचारलं.

"हो."

"किती हौसेनं केलंत! कुठे असते लेक?"

"इथेच," काकू म्हणाल्या आणि कपाट लावलं.

मला वाटलं, लखनौतच दिली असेल, आलमबागला वगैरे. संक्रांतीलाही आली नाही म्हणजे काही बिनसलं असेल. परक्या घरातलं कशाला विचारायचं, म्हणून गप्प बसले.

मनूबद्दल एक सांगायला हवं. आम्ही घरात मराठी बोलायचो, मनूला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीत. "मनू, जेवायला ये." "आ रही हूँ ना यार." मी रागवायचे, लालूच दाखवायचे, उपयोग शून्य. दुसऱ्या वर्षी हिवाळ्याची सुट्टी लागली, मनू रोज खाली जायला लागली आणि एके दिवशी वर येऊन म्हणाली, "आई, मला भूक लागली गं."

मी भाकरी थापत होते, तशीच थांबले. ते "गं" इतकं गोड होतं. त्या आठवड्यात ती आणखी बोलू लागली. "पांघरूण दे." "दिवा मालवू नकोस." मालवू नकोस! हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं, काकूंनी बघ कशी जादू केली. काकूंना एखादी साडी घ्यावी असंही माझ्या मनात आलं.

"काकू शिकवतात का गं तुला मराठी?" मी तिचे मोजे बदलताना विचारलं. शेगडीपाशी बसून आली होती, तरी तिचे हात बर्फासारखे होते.

"नहीं," मनू म्हणाली. "दीदी के साथ बोलती हूँ. उसको हिंदी आती ही नहीं."

"कुठली दीदी?"

"नीचे वाली. पीछे के कमरे में."

मी खाली गेले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं, शेगडी विझत आली होती. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. काकू माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसल्या होत्या. दोन्ही हातांत दोरा धरून त्या हवेत, मनगट असावं त्या उंचीवर, गोल फिरवत होत्या. "सरळ उभी राहा," म्हणाल्या. "हलू नकोस. झालंच." गाठ मारायला त्यांनी एक हात सोडला. दोऱ्याचा गोल खाली पडायला हवा होता. तो पडला नाही. क्षणभर, नाहीतर मला वाटलं क्षणभर, तो तसाच गोल राहिला. मग त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि मान वळवली. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी काका गच्चीवर टाकी बघायला आले तेव्हा मी त्यांना गाठलं. तुमची मुलगी कुठे आहे, असं सरळच विचारलं. काकांनी पाना खाली ठेवला. हात फडक्याला पुसत राहिले.

"पहिल्याच हिवाळ्यात गेली," ते म्हणाले. "आम्ही नुकते आलो होतो इकडे. काही महिन्यांची होती. न्यूमोनिया. बोरन्हाणाचे दागिने करून तयार होते आणि संक्रांत यायच्या आधी संपलं सगळं."

"आणि मग हे दरवर्षीचे..."

"पुढच्या वर्षी हिनं एक माप मोठे केले. मी म्हटलं, करू दे, दुःख उतरेल. क्वार्टर्समध्ये त्याच वयाच्या मुली होत्या, त्यांची मापं घ्यायची. काही वर्षांनी ते थांबवलं. मी विचारलं, मग आता माप कुणाचं घेतेस? म्हणाली, तिचंच."

"काका, तुम्हाला काही दिसतं?"

"मला दिसत नाही काही. मी इंजिनाचा माणूस, मी ऐकतो." कोहऱ्यात ते कुठेतरी बघत होते. "आम्ही दोघं घरात असलो ना, की तिघांचा आवाज असतो. चालण्याचा, श्वासाचा. एवढंच मी तुला खात्रीनं सांगू शकतो."

त्यानंतर मी मनूला खाली जायला बंदी केली. मनू रडली, दिवसभर दीदीच्याच गोष्टी सांगत बसली. काकू जिन्याच्या पायथ्याशी आल्या. गुडघ्यांमुळे त्या आमच्याकडे वर कधी येत नसत. खालूनच विचारलं, "मनू आजारी आहे का?"

मी कठड्यावरून म्हटलं, "काकू, तुमचं दुःख मोठं आहे. पण माझ्या मुलीला त्यात ओढू नका."

"मी नाही ओढत," काकू म्हणाल्या. "दोघी खेळायच्या. मला वाटलं, खेळू देत. तिला कधी कुणी मिळालंच नाही खेळायला." त्यांचा चेहरा कोहऱ्यात नीट दिसत नव्हता. "मनूचे हात रिकामे ठेवू नकोस हां," एवढं बोलून त्या वळल्या.

मला इतका राग आला की मी दार आपटलं.

दोन-चार दिवसांत मनूला ताप भरला. आधी साधा, मग छातीत घरघर. जवळच्याच एका हॉस्पिटलात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, या थंडीत मुलांना होतो, घाबरू नका, औषध सुरू केलंय. नवरा तिच्या उशाशी, मी पायाशी. मनू ग्लानीत मराठीत बोलत होती. अख्खी वाक्यं, स्वच्छ. "थांब ना." "आई रागावेल." "कुठे जायचं?" आणि मग तिनं हात उचलला. मोकळा पंजा, हवेत, कुणीतरी धरावा तसा. बोटं हळूच मिटली. मी झडप घालून तो हात माझ्या हातात घेतला. इतका गार होता. अंग तापानं फणफणलेलं आणि हा एकच हात गार.

मी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून तिच्या मुठीत कोंबलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कधी नव्हता. तिची मूठ मात्र मी माझ्या मुठीत आवळून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे आणायला घरी आले. कोहरा फाटकाच्या आत शिरला होता. काकू मागच्या अंगणात बसल्या होत्या. समोर शेगडी, शेगडीवर मोठं पातेलं, त्यात पाणी कोमट होत असलेलं. आजूबाजूला मखमलीच्या घड्या, त्यांवर कपाटातले सगळे साज. काका दारात उभे होते, टोपी हातात घेऊन.

"मनू कशी आहे?" काकूंनी विचारलं.

मी रडायला लागले. हात मिटल्याचं, मराठीत बोलल्याचं, सगळं सांगून टाकलं. राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बस इथे. तू बघायला हवंस."

त्यांनी शेवटच्या फळीवरचा साज उचलला, मोठ्या बाईचा. हार पाण्यात सोडला. साखर आधी पाण्यात पांढरा धूर सोडल्यासारखी पसरली, मग काटा गेला, मग नुसते तीळ वर तरंगले आणि दोरा उरला. दोरा त्यांनी काढून बाजूला ठेवला. बाजूबंद. नथ. मग त्याच्या वरच्या फळीवरचा साज, जरा लहान. मग आणखी लहान. घाई नव्हती. एखाद्या मुलीच्या अंगावरून रात्री दागिने उतरवावेत तसा एकेक. त्या आपल्या लेकीला फळी फळीनं खालून वर, मोठीची लहान करत होत्या. लग्नाच्या वयाची, मग कॉलेजातली, मग शाळेतली, मग रांगणारी. प्रत्येक साज पाण्यात सोडताना त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते.

"काकू, नका," मी म्हटलं. कसं म्हटलं मला माहीत नाही. माझी मुलगी तिकडे तापात होती आणि तरी मी म्हटलं, "काकू, राहू द्या एक तरी."

"एक राहिला तरी ती राहील," काकू म्हणाल्या.

शेवटी तो तान्ह्या बाळाचा मुकुट उरला. पिवळा पडलेला, त्यांच्या तळहातापेक्षा लहान. तो त्यांनी पुष्कळ वेळ हातात धरला. काका दारातून म्हणाले, "मी टाकू का?" काकूंनी नको म्हणून मान हलवली. मुकुट पाण्यावर ठेवला, सोडला नाही, ठेवला. तो जरा तरंगला. मग एका बाजूनं कलला आणि विरघळत गेला.

"जा बाळा," काकू म्हणाल्या. "मनू दुसऱ्यांची आहे."

अंगणात काहीही झालं नाही. वारा नाही, दार वाजलं नाही. फक्त काकांनी मान तिरकी केली, पंख्याचा आवाज ऐकताना करायचे तशी. बराच वेळ ऐकत राहिले. मग टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बंद झालं."

पाणी त्या दोघांनी मिळून पेरूच्या बुंध्याशी ओतलं. मी कपड्यांची पिशवी घेऊन हॉस्पिटलात गेले.

संध्याकाळी मनूचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं, साधारण एवढा वेळ लागतोच. पडलं असेलच. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी फक्त मनूचा हात हातात घेऊन बघत राहिले. तो कोमट होता, दुसऱ्या हातासारखाच.

संक्रांतीच्या आधी आम्ही तिला घरी आणलं. त्या दिवशी ऊन पडलं होतं, पहिल्यांदाच. गच्च्यागच्च्यांवर लोक रजया वाळत घालत होते. दुपारी जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरीवर थांबत थांबत. काकू वर येत होत्या. मी धावत जाऊन हात दिला. त्या धापा टाकत दारातच बसल्या. त्यांच्या कमरेला दोरा नव्हता. तिळगुळाची वाटी मनूपुढे केली. मनूनं एक लाडू उचलला.

"मनू," काकूंनी विचारलं, "तुला एक विचारू? दीदी कशी दिसायची?"

मी काकूंकडे बघत राहिले. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी कधी डोळे उघडले नाहीत गं. इतकी वर्षं. हाताला लागायची, तेवढं पुरे म्हटलं. उघडले आणि समोर कुणी नसलं तर काय करायचं होतं मी?"

मनू लाडू चावत होती. तिनं खरोखर आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "कौन दीदी?"

"खालची," मी म्हटलं. "मागच्या खोलीतली. तू खेळायचीस बघ तिच्याशी."

"मैं तो आपके साथ खेलती थी ना, काकू? तारे बनाते थे." आणि मोबाईल मागायला ती वडिलांकडे पळाली.

"छान झालं," काकू म्हणाल्या. "विसरली ते छान झालं." त्या उठल्या, कठडा धरला, एक पायरी उतरल्या आणि तिथेच बसल्या. पुढची उतरवेना. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

मनू विसरली होती, मी नव्हते. बंदीच्या त्या दिवसांत ती दीदीबद्दल जे सांगत बसायची ते मी रागानं ऐकलं होतं, घाबरून ऐकलं होतं, पण ऐकलं होतं. माझ्याशिवाय ते आता कुणाला माहीत नव्हतं.

"उंच आहे," मी म्हटलं. "काकांसारखी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"केस लांब. वेणीचं टोक सारखं चघळते, मनू तिला रागवायची त्यावरून. हसताना तोंडावर हात धरते. पुढच्या दोन दातांत फट आहे."

"माझ्या आईच्या होती," काकू म्हणाल्या. "पुढे?"

"गाणं येत नाही तिला एकही. नुसती गुणगुणते. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसते. मनूला कागद कापता यायचा नाही तेव्हा म्हणायची, राहू दे, वाकडा तारा पण तारा असतो."

काकू ऐकत होत्या. त्यांचे डोळे उघडे होते, समोरच्या उन्हाकडे लागलेले. मला जे माहीत होतं ते सगळं मी सांगितलं, त्यात काही घातलं नाही, काही वगळलं नाही. ते फार नव्हतं. संपलं.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. खाली अंगणात काका पेरूची वाळलेली पानं गोळा करत होते, त्याचा आवाज येत होता. काकू उठायला लागल्या. उठता उठता थांबल्या.

"अंगात स्वेटर होता का गं तिच्या?"

मनूनं तेवढं कधी सांगितलं नव्हतं.

"होता काकू," मी म्हटलं. "चांगला जाड होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला."